कानातला नाद आणि सुईचा उपचार

भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमधून पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या कानात, रात्री घर निजल्यावर, रातकिड्यांची किरकिर सुरू होते. बाहेर कोठेच आवाज नसताना ऐकू येणाऱ्या ह्या आवाजाला आपल्या वैद्यकात कर्णनाद म्हणतात. सुश्रुताने सांगितलेल्या २८ कर्णरोगांत त्याची गणना आहे. सुया टोचून घेतल्याने तो थांबतो काय, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा नाद उपजतो कसा, ते पाहिले पाहिजे.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तीत सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. रोजच्या गोंगाटाने त्या मरतात, आणि माणसात एकदा मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. तिकडून संदेश येईनासे झाले की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो. रेडिओचे केंद्र लागत नसताना आवाज वाढवावा आणि नुसती खरखर ऐकू यावी, तसा हा प्रकार होय.

आता सुईकडे वळू. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून १९५९ साली ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्राने तर तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. परंतु कायदा उपचार करणाराची पात्रता ठरवतो. गुण येतो की नाही, हे प्रयोगानेच ठरते.

कर्णनादाच्या प्रयोगांत काही रुग्णांना खरी सुई व काहींना लटकी सुई लावून तुलना करण्यात आली. प्रयोग लहान होते आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. म्हणून अमेरिकेतील कर्णतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली ॲक्युपंक्चरच्या बाजूने वा विरुद्ध कोणतीच शिफारस केली नाही. सुईने मनाचा ताण हलका झाला, झोप लागली, तर नादाचा जाच कमी वाटू शकेल. मेलेली पेशी मात्र ती जिवंत करीत नाही.

म्हणून आधी कानांच्या डॉक्टरांकडून श्रवणशक्ती मोजून घ्यावी. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, किंवा ऐकणे एकाएकी कमी झाले असेल, तर एक दिवसही दवडू नये. ऐकणे मंदावले असल्यास श्रवणयंत्राने नादही दबतो; विचारांना वळण लावणाऱ्या मानसोपचाराने त्याचा त्रास कमी होतो. सुई घ्यायचीच, तर ती निर्जंतुक, एकदाच वापरायची असावी आणि ह्या सर्वांनंतर घ्यावी.

गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले. तेव्हा यंत्राला आच्छादन घालणे हे मालकाचे काम आणि कानात बोळे घालणे हे कामगाराचे. चार-दोन रुपयांचा तो बोळा जे वाचवतो, ते कोणतीही सुई परत आणून देत नाही.