आज्ञावलीतील समास कोणी राखावा?

वहीत डावीकडे समास सोडावा व नवा परिच्छेद किंचित आत घ्यावा, ही शिस्त मुलांना प्राथमिक शाळेतच लावली जाते. ती मोडली तर पान वाईट दिसते, अर्थ मात्र बदलत नाही. संगणकाच्या ‘पायथॉन’ भाषेत तसे नाही. १९९१ साली गीडो व्हॅन रॉसम यांनी प्रसृत केलेल्या या भाषेत कोणती आज्ञा कोणत्या अटीखाली येते, हे ती ओळ किती आत घेतली आहे यावरूनच ठरते.

गोवा शासनाच्या तंत्रशिक्षण संचालनालयाने २०२१ साली सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘केअर्स’ योजना सुरू केली आणि आज्ञावली-लेखनाचा विषय पेडणे, डिचोलीच्या खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचला. ‘स्क्रॅच’सारख्या साधनात रंगीत ठोकळे एकमेकांत बसतात, आतला ठोकळा बाहेरच्याच्या जबड्यात आहे, हे डोळ्यांना दिसते. तेथून पायथॉनकडे वळणाऱ्या मुलास हा जबडा नाहीसा झालेला आढळतो. उरते ती केवळ कोरी जागा.

काजूच्या हंगामातील एक हिशेब पाहू. पोती तीन, वजने ४०, ३५ व ५० किलो. मराठीत मांडल्यास आज्ञा अशा होतील :

प्रत्येक पोत्यासाठी :
    एकूण वजनात हे वजन मिळवा
एकूण वजन सांगा

याचे उत्तर १२५, एकदाच. शेवटची ओळ चुकून आत राहिली, तर संगणक ४०, ७५, १२५ असे तीन वेळा सांगेल. चुकीची सूचना मात्र येणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही लेखने शुद्धच आहेत. चौथीपर्यंत मराठीतून शिकून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलास इंग्रजीतील सूचना आधीच अवघड वाटते. येथे तर तीही नसते.

म्हणूनच आज्ञावली लिहिण्याचे साधन, म्हणजे ‘एडिटर’, आपण होऊन समास राखते तेव्हा त्याने कोठवर जावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जे निश्चित आहे ते त्याने अवश्य करावे. अपूर्णविरामाने ओळ संपवून ‘एन्टर’ कळ दाबली की पुढची ओळ एक पायरी आत जावी. त्यानंतरच्या ओळी तेथेच सुरू व्हाव्यात. पायथॉनसोबत विनामूल्य मिळणारे ‘आयडल’ हे साधन असेच वागते. ‘रिटर्न’ ही आज्ञा लिहून झाल्यावर तर ते पुढची ओळ स्वतःच एक पायरी बाहेर घेते. त्या आज्ञेनंतर त्याच पायरीवर लिहिलेले काही पार पाडलेच जात नाही, हे ते जाणते.

परंतु काजूच्या हिशेबातील शेवटची ओळ आत हवी की बाहेर, हे साधनास कळणे शक्य नाही. ते लिहिणाऱ्याच्या मनात असते. तेथे साधनाने तर्क लढवू नये; ‘बॅकस्पेस’ कळ एकदा दाबताच पूर्ण पायरी मागे यावी, एवढी सोय पुरे. चार कोऱ्या जागा एकेक करून पुसाव्या लागल्या, तर मूल तीनच पुसते आणि घोटाळा होतो.

दुसरीकडून आणलेला मजकूर चिकटवितानाही असाच संयम हवा. काही साधने अशा प्रत्येक ओळीस आपला समास नव्याने जोडतात आणि मजकूर जिन्यासारखा उजवीकडे घसरत जातो. आलेल्या ओळींमधील परस्पर अंतर जसेच्या तसे राखणे, हेच येथे योग्य.

एका पायरीस चार कोऱ्या जागा, हा पायथॉनचा मान्य संकेत आहे. ‘टॅब’ कळ दाबली असता साधनाने याच चार जागा घालाव्यात. टॅबचे चिन्ह व कोऱ्या जागा पडद्यावर सारख्याच दिसतात. मात्र २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यांची संदिग्ध सरमिसळ भाषा नाकारते. शाळेतील सर्व संगणकांवर ही मांडणी एकसारखी आहे किंवा नाही, हे शिक्षकांनी पहिल्या तासापूर्वीच पाहून घ्यावे.