कोरा राहिलेला २५ सप्टेंबर

२०२२ची दिवाळी आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या घरात फराळाच्या डब्यांनी कमी आणि कागदांच्या चळतींनी जास्त भरली होती. पाचवीनंतर घरीच शिकलेल्या मुलाचा पोर्टफोलिओ अमेरिकेला पाठवायचा होता. तिथल्या कॉलेजप्रवेशाच्या अर्जात, कॉमन ॲपमध्ये, एका उपक्रमाच्या वर्णनाला मिळतात १५० अक्षरं. चार पावसाळे १५० अक्षरांत!

२०१६ मध्ये मुंबईची मालविका जोशी दहावी-बारावी न करता एमआयटीत गेली, तेव्हापासून नातेवाईक जरा निवळले होते. पण तिच्याकडे इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती. आमच्याकडे एनआयओएसची दहावी आणि गच्चीवरचं पर्जन्यमापक.

२०१९ला ती नुसती कापलेली बाटली होती. लॉकडाउनमध्ये २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी, हे त्याने जिन्याच्या भिंतीवर लिहिलं; ते मी अजून पुसलेलं नाही. २०२१ मध्ये नरसाळ्याखाली डुगडुगणाऱ्या दोन वाट्या बसल्या. एक भरली की कलंडायची, दुसरी पुढे यायची, अर्डुइनो मोजायचा. मुसळधार पावसात मात्र आकडा बाटलीपेक्षा कमी यायचा. वाटी कलंडताना पडणारं पाणी मोजणीतून निसटतं, हे कळायला अख्खा जुलै गेला. सिरिंजने आधी थेंब, मग धार सोडत बसायचा. त्या महिन्याची खाडाखोड मी बाजूला काढली होती. त्याने ती पोर्टफोलिओत सगळ्यात वर ठेवली.

खरं भांडण झालं ते पावसाच्या नोंदींतल्या एका ओळीवरून. ‘२५ सप्टेंबर २०१९ : बाटली आडवी.’ आंबिल ओढ्याला पूर आला ती रात्र. म्हटलं, वेधशाळेचा आकडा मिळतो की, टाक तो.

‘‘आई, तो पाऊस शिवाजीनगरला पडला.’’

ओळ तशीच गेली.

मग माझा अर्ज. घरी शिकणाऱ्यांच्या बाबतीत काउन्सेलरचा फॉर्म पालकच भरतात. गुणपत्रक माझं, अभ्यासक्रमाची टिपणं माझी, शाळेची माहितीही माझीच. विद्यार्थिसंख्या : १. शिफारसपत्रात मी त्याला ‘चिकाटीचा’ लिहून खोडलं, कारण ऐन पावसात वाचन घ्यायला मीच किती वेळा ओरडले होते! रात्री अकराला स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘‘जेवायला चल रे!’’

आतून विचारणा झाली, ‘‘आई बोलावतेय की काउन्सेलर?’’