आरसा उचलला, की फोटो दिसतो

मिररलेस कॅमेऱ्यांची लाट आली आणि घरोघरचे डीएसएलआर कपाटात जाऊन बसले. ‘आता तो जुना झाला हो, विकून मोकळे व्हा,’ असा सल्ला मलाही अधूनमधून मिळतो. तो मी कानाआड करतो, आणि त्याचं कारण माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवरचं एक बारीक बटण आहे. निकॉनवर त्याच्यापाशी ‘एलव्ही’ लिहिलेलं असतं, कॅननवर बहुधा कॅमेऱ्याचं चित्र. ते दाबलं की आत खट् होतं, आरसा वर जातो, शटर उघडतं आणि लेन्समधून आलेला प्रकाश सरळ सेन्सरवर पडून मागच्या पडद्यावर चित्र दिसू लागतं. हाच लाइव्ह व्ह्यू. लग्नकार्याचे फोटो काढणारी मंडळी त्याला नाक मुरडतात. मोबाइलसारखे हात लांब करून फोटो काढणाऱ्यांची ती सोय, असं त्यांचं म्हणणं. माझं मत नेमकं उलटं आहे. ही सोय नवशिक्यांची नाही, ट्रायपॉडवाल्यांची आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात जे जे निवांत उभं राहून टिपण्यासारखं आहे, त्या सगळ्याला ती उपयोगी पडते.

कारण साधं आहे. व्ह्यूफाइंडरमधून आपल्याला समोरचं दृश्य दिसतं, फोटो दिसत नाही. ॲपर्चर तुम्ही कितीही ठेवा, आरशावर येणारा प्रकाश पूर्ण उघड्या लेन्समधून येतो. स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तर चौकटीचा सुमारे 95 टक्केच भाग दिसतो. कडेची झाडाची फांदी घरी आल्यावर कळते. शिवाय फोकस मोजणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी वेगळाच बसवलेला असतो. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर केसभर चुकलं तरी नजर डोळ्यावर आणि फोकस कानावर अशी गत होते. लाइव्ह व्ह्यूमध्ये ही मधली माणसं गळतात. ज्या सेन्सरवर फोटो उमटणार, तोच तुम्हाला आधी दाखवतो की काय उमटणार आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी कॅननने 2005 साली 20डीए नावाचा खास कॅमेरा काढला, त्यात फोकसपुरता लाइव्ह व्ह्यू होता. 2006च्या ऑलिंपस ई-330मध्ये तो पूर्णवेळ आला. 2007मध्ये कॅनन 40डी आणि निकॉन डी300 आले आणि ही सोय रुळली. 2008च्या निकॉन डी90ने तिच्यातूनच व्हिडिओ दिला. 2013च्या कॅनन 70डीने पडद्यावरचं मंदगती ऑटोफोकस बरंच वेगवान केलं. झालं. आता आपल्या गावाकडे वळू.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी 1204 सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. आत नेमिनाथांची मूर्ती आहे आणि मंडपाच्या छतात ते दगडी कमळ, ज्यावरून बसदीला नाव पडलं. येणारा प्रत्येकजण मान मागे टाकून ते बघतो आणि बघता बघता मोबाइल वर धरतो. फोटो बहुधा तिरका येतो. गोलाकार कोरीवकामाचा फोटो जमायचा तर सेन्सर छताला अगदी समांतर हवा. जरा कललं की कमळाचं अंडं होतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून हे साधायचं तर ट्रायपॉडखाली पाठीवर झोपावं लागतं, आणि देवळात झोपलेल्या माणसाकडे भाविक कोणत्या नजरेने पाहतात हे सांगायला नको. वळणारा पडदा असलेला कॅमेरा मात्र परवानगी घेऊन कोपऱ्यातल्या छोट्या ट्रायपॉडवर आकाशाकडे तोंड करून ठेवावा, पडदा आपल्याकडे वळवावा आणि त्यावर चौकटीच्या रेघा आणाव्यात. मग कमळाचा मध्य रेघांच्या मधोमध आणणं एवढंच काम उरतं. पाकळीच्या कडेवर चित्र दहापट मोठं करून हाताने फोकस केला, की काळोख्या दगडातही छिन्नीची रेघ न् रेघ उठून येते.

खानापूर तालुक्यातल्या हलशीला त्रास वेगळा. कदंबांची ही जुनी राजधानी. भूवराह-नृसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. आत अंधार, बाजूच्या दारातून येणारं ऊन भगभगीत. माणसाचा डोळा दोन्ही सांभाळून घेतो, सेन्सर घेत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये हिस्टोग्राम चालू ठेवला तर दाराशी काय जळतंय आणि खांबाआड काय बुडतंय ते बटण दाबण्याआधीच दिसतं. मग एक फोटो उन्हाचा आणि एक अंधाराचा काढून जुळवायचे, की ऊन उतरेपर्यंत ओसरीत बसायचं, हे ठरवता येतं. मी बसतो. हलशीत बसण्यासारखी जागा भरपूर आहे.

पण माझा खरा जीव रमतो तो निपाणीच्या रानात, तंबाखूत. निपाणीचं नाव काढलं की लोकांना विडी, वखारी आणि 1981चं शरद जोशींचं शेतकरी आंदोलन आठवतं. गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले होते. इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो विषय अजून येतो. मला मात्र या पिकाने वेड लावलं ते भिंगाखाली. तंबाखूच्या पानावर अगदी बारीक लव असते आणि बऱ्याचशा केसांच्या टोकाला चिकट रसाची गाठ. याच रसाने पाला हाताळणाऱ्या बायांचे हात काळपट, चिकट होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते थेंब चमकतात आणि त्यांत अडकलेला एखादा मावा किंवा चिलट दिसतं. गुलाबी-पांढरं फूल सहजी मिळत नाही, कारण पानं भरावीत म्हणून शेतकरी शेंडे खुडून टाकतो. बियाण्यासाठी राखलेली झाडं कुठल्या बांधाला आहेत, ते मालकाला विचारून घ्यावं लागतं.

इथे लाइव्ह व्ह्यूला पर्यायच नाही. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी घेतली, तर साध्या डीएसएलआरवर एफ 8लाही जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. व्ह्यूफाइंडरच्या इवल्या खिडकीतून तो थर शोधणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. ऑटोफोकस पुढे-मागे करत बसतं. म्हणून मी फोकसची रिंग एका जागी ठेवतो आणि कॅमेराच सरकपट्टीवर पुढे ढकलतो. पडद्यावर दहापट मोठं चित्र असतं. पट्टीचा स्क्रू फिरवला की धारदार थर केसाच्या बुडापासून वर चढताना दिसतो, मग रसाच्या गाठीवर येतो आणि पलीकडे निघून जातो. तो गाठीवर आला की थांबायचं. वाराही इथेच कळतो. नुसत्या डोळ्याला पान स्थिर वाटतं, पडद्यावर ते झुलत असतं. दोन झुळुकांमधली उसंत पकडायची ती पडद्याकडे बघूनच.

एवढ्या मोठेपणात कॅमेऱ्याचा स्वतःचा धक्कासुद्धा फोटो बिघडवतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा आधीच वर असतो. शिवाय कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत शटरचा पहिला पडदा यांत्रिकपणे हलतच नाही, सुरुवात सेन्सर विजेने करतो, त्यामुळे ऐन क्षणी आत काहीच आदळत नाही. निकॉनच्या काही जुन्या मॉडेलांत मात्र फोटो काढताना आरसा एकदा खाली येऊन पुन्हा वर जातो. आपला कॅमेरा कोणत्या जातीचा, ते कान देऊन ऐकावं.

निपाणीत एका वयस्कर स्टुडिओवाल्या काकांना मी हे पडद्यावर दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “अरं, ही तर आमचीच काच की! फक्त सुलटी केलीया.” त्यांचं खरं होतं. काळ्या फडक्यात डोकं घालून घासलेल्या काचेवर उलटं चित्र बघायचं, भिंगाने फोकस तपासायचा आणि मग प्लेट सरकवायची, ही जुनी रीत. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तिथे आनंदराव पेंटरांनी चित्रपटाचा देशी कॅमेरा करायचं मनावर घेतलं. 1916मध्ये ते गेले, तेव्हा बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने तो 1918च्या सुमारास पुरा केला आणि पुढे 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या पिढीला जे घडणार ते आधी नीट बघून घ्यायची सवय होती. मधल्या काळात आरशाच्या कॅमेऱ्याने वेग दिला आणि ही सवय मोडली. लाइव्ह व्ह्यूने ती परत आणली, असं मी म्हणतो. मित्र म्हणतात मी फार ताणतो.

आकाशाबद्दल थोडं. 21 डिसेंबर 2020च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम दशांश अंशावर, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढे जवळ आले होते. अशा वेळी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. बहुतेक ऑटोफोकस लेन्सा त्या खुणेच्या पुढेही फिरतात. गुरू पडद्यावर दहापट मोठा करावा, ठिपका सर्वांत लहान होईल तिथे रिंग थांबवावी आणि मग तिला हात लावू नये. सूर्य मात्र सूर्यासाठीच्या खास फिल्टरशिवाय लाइव्ह व्ह्यूमध्ये कधीही धरू नये. लेन्स त्याचं ऊन सेन्सरवर एकवटते आणि सेन्सर जळतो.

गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटरचा, पावसाळ्यात लालसर पाण्याने भरलेला. पाणी रेशमी दिसावं म्हणून दहा स्टॉपची काळी काच लावली, तर प्रकाश हजाराव्या हिश्श्यावर येतो; 1/15 सेकंदाचं एक्स्पोजर मिनिटाच्या पुढे जातं. त्या काचेतून व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता काळोख. लाइव्ह व्ह्यू सेन्सरची संवेदना वाढवून निदान कडा तरी दाखवतो. त्यालाही मर्यादा आहेच. चोर्ला घाटाच्या जंगलात पावसाळ्यात रात्री उजळणाऱ्या बुरशीपुढे पडदा कोराच राहतो. तिथे टॉर्च लावून फोकस करायचा, टॉर्च विझवायचा आणि शटर उघडं ठेवून पावसाचा आवाज ऐकत उभं राहायचं.

दोषही सांगायला हवेत. बॅटरी निम्म्याहूनही कमी चालते, म्हणून खिशात दुसरी हवीच. बराच वेळ चालू ठेवला तर सेन्सर तापून चित्रात दाणे वाढतात. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही. तेव्हा जुनं काळं फडकं खरंच डोक्यावर घ्यावं. पळणारं पोर, उडणारा खंड्या, मिरवणुकीतलं लेझीम यांच्यासाठी आरसाच बरा, तिथे हट्ट धरू नये.

मिररलेसमध्ये हे सगळं आपोआप मिळतं, मान्य. पण तो विकत घ्यायला चांगले पैसे मोजावे लागतात आणि कपाटातला डीएसएलआर फुकट आहे. या दिवाळीत तो बाहेर काढा. पोरांनी अंगणात मातीचा किल्ला केलेला असेलच. कॅमेरा जमिनीवर, बुरुजावरच्या मावळ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, पडदा वर वळवा, लाइव्ह व्ह्यू लावा. पणतीचा रंग फार पिवळा वाटला तर व्हाइट बॅलन्सचा केल्विन आकडा खाली आणा, पडद्यावर रंग बदलताना दिसेल. मग चित्र मोठं करून मावळ्याच्या मिशीवर फोकस करा. आणि पोरांना आधी पडदा दाखवा; किल्ल्याचं तोंड चुकीच्या बाजूला आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तर फोटोआधी किल्लाच दुरुस्त होईल.