ध्रुवापर्यंत दोन मुठी

सकाळी 6.30
भाकऱ्या थापताना आजचा तास मनात घोळतोय. सातवीच्या लेकरांना अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेबद्दल सांगायचं आहे. त्या गुलामांची कीव यावी म्हणून हा तास घ्यायचा नाही. त्यांचं डोकं दिसावं, एवढीच इच्छा.

9.45
एसटीनं कंधार तालुक्यातल्या शाळेत. हजेरीत आठ नावांना उत्तर नाही. डिसेंबर आहे. उचल घेतलेले आईबाप कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेले, लेकरंही त्यांच्याबरोबर. काही लेकरं मात्र आजीजवळ राहिली, म्हणून वर्गात आहेत.

11.00
फळ्यावर लिहिलं : 1838, फ्रेडरिक डग्लस. लहानपणी मालकिणीनं अक्षरं शिकवायला घेतली, मालकानं ते शिकवणं थांबवलं. मग त्यानं गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव दिला आणि बदल्यात वाचायला शिकला. पुढं खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याचा कागद खिशात ठेवून बाल्टिमोरहून रेल्वेत बसला. कागदावरचं वर्णन त्याच्याशी नीट जुळत नव्हतं. तपासणाऱ्यानं वरवर पाहिलं. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोचला.

“मॅडम, पळाले म्हंजी भ्याले का?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

12.00
उत्तर न देता गट पाडले. तुम्हाला निघायचंय, सांगा कधी निघाल? “अमावस्येला.” “लेकरू रडलं तर?” सगळा वर्ग गप्प.

मग हॅरिएट टबमन सांगितली. 1849 मध्ये मेरीलँडमधून स्वतः सुटली आणि सुमारे तेरा वेळा परत जाऊन सत्तरेक माणसं सोडवून आणली. थंडीतल्या लांब रात्री निवडायची. शनिवारी निघायचं, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारशिवाय छापून यायची नाही. तान्ह्यांना गुंगीचं औषध द्यायची. 1850 च्या कायद्यानं उत्तरेतही धरपकड वाढली, तेव्हा थेट कॅनडा गाठला. मागच्या बाकावरचा हळूच म्हणाला, “भ्यालेल्याला एवढं सुचत नसतंय.”

2.30
खिचडीनंतर जोतीराव फुले. अमेरिकेत 1865 मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. 1873 चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीरावांनी तिच्याविरुद्ध झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं.

एका मुलीनं विचारलं, “उचल फिटेस्तोवर मुकादम सोडत नाही. मंग आमची माय बी गुलाम का?”

मी खडू खाली ठेवला. तिथं कायद्यानंच माणूस मालकाची वस्तू होता, लेकरूसुद्धा विकलं जायचं. इथं कायदा आपल्या बाजूनं आहे. 1976 पासून कर्जापायी माणसाला कामाला जखडून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि वेठबिगारीचं असं कर्ज रद्द ठरतं. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांना वहीत उतरवायला लावलं. पाव देऊन अक्षरं का घेतली, ते आता वेगळं समजवावं लागलं नाही.

संध्याकाळी 7.00
घरच्यांसोबत मुलं मैदानात जमली. सप्तर्षी अजून उगवले नव्हते, म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधला. हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ रचली : दोन. मेरीलँडमध्ये चार भरतात. उत्तरेला जावं तसा तो वर चढतो. तो कायम उत्तरेलाच दिसतो, म्हणून पळून जाणारे रात्री त्याच्याकडं तोंड ठेवून चालायचे.

दुपारची तीच मुलगी मुठी मोजत उभी होती. “कोल्हापूरकडं किती?”

“थोडा खाली. पण जवळजवळ एवढाच.”

तिनं आजीकडून मोबाइल घेतला. “माय, कोपीच्या बाहेर ये. तुला एक तारा दावते. अन् वहीतलं एक वाक्य वाचून दावते.”