जुन्या ट्रकला चौथा गिअर

अमेरिकेत 1970 आणि 1980 च्या दशकांत बनलेल्या शेव्हरोलेच्या एक-टनी ट्रकांत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतला असल्यास, बहुधा ‘टर्बो-हायड्रामॅटिक 400’ हा तीन गिअरांचा गिअरबॉक्स आढळतो. 1964 साली आलेला हा गिअरबॉक्स मजबुतीसाठी आजही नावाजला जातो. परंतु त्याचा तिसरा, म्हणजे सर्वांत वरचा गिअर एकास एक प्रमाणाचा असल्यामुळे इंजिन जवळजवळ जितके फेरे घेते, तितकेच फेरे मागच्या अॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट घेतो. ओझे ओढता यावे म्हणून अशा ट्रकांच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण मुद्दाम मोठे ठेवलेले असे, ते 4.56 असेल तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला साडेचारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात.

ताशी 55 मैलांची देशव्यापी वेगमर्यादा 1974 मध्ये लागू झाली, तेव्हा हे निभावून जात असे. ती 1987 मध्ये ग्रामीण महामार्गांवर 65 पर्यंत शिथिल झाली आणि 1995 मध्ये रद्दच झाली, आणि जुन्या ट्रकांची अडचण उघडी पडली. टायरचा व्यास 32 इंच धरल्यास ताशी 65 मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे 3,100 फेरे घेते. त्या गतीने तासन् तास धावणे म्हणजे अधिक इंधन, अधिक झीज आणि चालकाच्या कानांना अखंड त्रास.

यावर क्राउन-पिनियन बदलून प्रमाण 3.42 करणे हा एक सरळ दिसणारा उपाय आहे. त्याने महामार्गावरचे फेरे चतुर्थांशाने घटतात, हे खरे. मात्र ओढण्याची ताकदही प्रत्येक गिअरमध्ये तेवढीच घटते, म्हणजे ज्या कामासाठी ट्रक घेतला त्या कामातच तो दुबळा होतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारा गिअर, ही किंमत मागत नाही, आणि म्हणूनच ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी तोच मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. 1991 मध्ये जनरल मोटर्सने आणलेला ‘4एल80-ई’ हा मूळ 400 च्याच घराण्यातला असून त्याचे पहिले तीन गिअर 2.48, 1.48 आणि 1 या जुन्याच प्रमाणांचे आहेत. भर पडली ती 0.75 च्या चौथ्या गिअरची. परिणामी 4.56 चे क्राउन-पिनियन जागचे न हलवता चढणीवरची ओढ कायम राहते आणि 3,100 फेऱ्यांचे सुमारे 2,330 होतात. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाद्वारे जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जी थोडी घसरण सतत होत राहते, ती बंद करणारा लॉक-अप क्लच या नव्या गिअरबॉक्समध्ये आहे. जुन्यात तो नव्हता.

बसवण्याचे लोहारकाम अवघड नाही. नवा गिअरबॉक्स काही इंचांनी लांब आणि बराच जड असल्यामुळे त्याला खालून पेलणारी चेसिसची आडवी पट्टी मागे सरकवावी लागते आणि प्रोपेलर शाफ्ट कापून, पुन्हा जोडून त्याचा तोल साधून घ्यावा लागतो. खरी कसोटी विजेच्या बाजूची आहे. जुना गिअरबॉक्स गव्हर्नर आणि इंजिनाचा व्हॅक्यूम यांवरून गिअर बदलण्याची वेळ स्वतःच ठरवीत असे. नव्याला त्यासाठी संगणक लागतो, आणि कार्ब्युरेटरच्या ट्रकात तो मुळातच नसल्यामुळे वेगळा कंट्रोलर, थ्रॉटल किती उघडला आहे ते सांगणारा सेन्सर आणि स्पीडोमीटरची निराळी व्यवस्था करावी लागते. वीजपुरवठाच तुटला तर गिअरबॉक्समधील तेलाचा दाब आपोआप कमाल पातळीवर जातो आणि ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये चालत राहतो, म्हणजे निदान घरी पोहोचतो. त्याहून घातक आहे तो चुकीचा बसवलेला थ्रॉटल सेन्सर, कारण तो पूर्ण दाबलेल्या अॅक्सिलरेटरला अर्धवट दाबलेला समजतो, त्यामुळे दाब कमी ठेवला जातो, क्लचच्या प्लेटा घसरतात आणि ओझ्याखाली थोड्याच दिवसांत जळतात. सेन्सर तपासण्यात घालवलेला तास म्हणूनच सर्वांत मोलाचा असतो.

उष्णता हा या गिअरबॉक्सचाही जुनाच शत्रू असल्याने ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकाला रेडिएटरमधल्या कूलरच्या जोडीला हवेवर थंड होणारा स्वतंत्र ऑइल कूलर बसवावा. लांब चढणीवर ओझ्यासह चौथा गिअर धरून ठेवल्यास गिअरबॉक्स तिसरा आणि चौथा यांच्यात सारखा अदलाबदल करतो आणि प्रत्येक बदलाबरोबर तेल तापत जाते. म्हणून चढण दिसताच लीव्हर तिसऱ्यावर आणावा आणि माथा ओलांडल्यावरच ओव्हरड्राइव्ह परत द्यावा.