परवीन आणि कृत्तिका

सकाळी वर्गात हजेरी सुरू झाली की कितीतरी नावे तुमच्या कानांवरून जातात. ज्योती, ज्ञानेश्वर, गोदावरी, समाधान... यांतल्या बहुतेक नावांचा अर्थ तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पण मध्येच एखादं नाव येतं : शबनम, नर्गिस, शिरीन, परवीन. आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे ही नावे नेहमीची. पण अर्थ विचारा, वर्ग चिडीचूप! शबनम म्हणजे दव. नर्गिस हे एका फुलाचं नाव. शिरीन म्हणजे गोड. ही सगळी नावे फारसी भाषेतली, म्हणजे इराणकडची. आणि परवीन? तिचा अर्थ बघायचा तर रात्री अंगणात यावं लागेल.

डिसेंबर-जानेवारीतली एखादी स्वच्छ रात्र निवडा. साधारण नऊचा सुमार. लाईट गेलेली असेल तर उत्तमच, तेवढ्यापुरती वीज मंडळाला शाबासकी द्या! आभाळात आधी मृग नक्षत्र शोधा. मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे असतात, आपल्याकडे त्याला बाण म्हणतात. त्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की झगझगीत व्याध भेटतो. तीच रेघ उलट बाजूला वाढवा. तिथे तांबूस रंगाची रोहिणी लागते. तिच्याही पुढे थोडं गेलं, की डोक्यावरच म्हणा ना, चिमूटभर तारे एकाच जागी सांडल्यासारखे दिसतात. नजर चांगली असेल तर सहा मोजता येतात. या झाल्या आपल्या कृत्तिका.

आणि याच ताऱ्यांच्या झुबक्याला फारसीत म्हणतात परवीन.

आहे की नाही गंमत? एका बाकावर कृत्तिका नावाची मुलगी आणि शेजारच्या बाकावर परवीन बसलेली असेल, तर दोघींचं नाव एकच आहे! तिसरी कुणी सुरैया असेल तर तिलाही त्यांच्यात घ्या, कारण अरबी भाषेत याच पुंजाला सुरैया म्हणतात. जपानी लोक त्याला सुबारू म्हणतात. त्या नावाच्या मोटारगाडीवर सहा ताऱ्यांचं चिन्ह असतं ना, ते हेच तारे. ग्रीक लोकांनी यांना सात बहिणी मानलं. आपल्याकडे सहा कृत्तिकांनी कार्तिकेयाला वाढवलं अशी गोष्ट आहे, म्हणून तो कार्तिकेय. कार्तिक महिन्याचं नावही यांच्यावरूनच पडलं, कारण त्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. मे महिन्यात सूर्य कृत्तिका नक्षत्रात जातो, मग रोहिणी, मग मृग, आणि मृग म्हणजे पेरणीची लगबग. मात्र त्या दिवसांत कृत्तिका सूर्यासोबत उगवतात आणि मावळतात, म्हणून दिसत नाहीत.

इटलीच्या गॅलिलिओने १६१० साली आपल्या छोट्या दुर्बिणीतून पाहून या पुंजाचं चित्र छापलं, त्यात ३६ तारे होते. आता मोठ्या दुर्बिणींमुळे कळलंय की तिथे हजारावर तारे आहेत. ते इतके दूर आहेत की त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षे लागतात. म्हणजे आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा उजेड अकबर बादशहाच्या काळात निघालेला आहे. त्या अकबराच्या दरबाराची भाषा कोणती होती ठाऊक आहे? फारसी!

आता या नावाच्या मुळाकडे जाऊ. पारशी लोकांचा धर्मग्रंथ अवेस्ता. तो फार जुन्या इराणी भाषेत आहे आणि त्यात या तारकापुंजाचा उल्लेख येतो. ‘पुष्कळ’ अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी परवीनचं नातं अभ्यासक जोडतात. संस्कृतमध्ये त्या शब्दाचा भाऊ आहे ‘पुरु’. पुष्कळ ताऱ्यांचा घोळका तो परवीन, सरळ हिशेब आहे. फारसी कवींना हा घोळका कधी द्राक्षांचा घड वाटला, कधी मोत्यांची माळ.

फारसी ही संस्कृतची दूरची बहीणच आहे, मुलांनो. संस्कृत ‘सप्त’ म्हणजे सात, फारसीत तेच ‘हफ्त’. तिकडे स चा ह झाला, जसं सिंधूचं हिंदू झालं. म्हणून गावात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि बाबा कर्जाचा हप्ता भरतात. सप्ताह आणि हप्ता, शब्द मुळात एकच! फार कशाला, ‘नाव’ या शब्दालाच फारसीत ‘नाम’ म्हणतात.

मग इराणची ही परवीन आपल्या गावात कशी आली? दक्षिणेत १३४७ साली बहमनी राज्य सुरू झालं, तेव्हापासून दरबारी कामकाजात फारसी रुळली. पुढे आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाकडे होता. तिथेही १८८० च्या दशकापर्यंत राजभाषा फारसीच होती, नंतर तिची जागा उर्दूने घेतली. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून मुक्त झालो. निजाम गेला, पण शब्द राहिले. दरवाजा, कागद, बाजार, शहर, हुशार, मैदान हे फारसीतून आलेले शब्द आता आपण आपलेच म्हणून वापरतो. आपल्याकडच्या खेड्यांत ‘गुलाबबाई’ नावाच्या आज्या असतात. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, दोन्ही शब्द फारसी. आजीला सांगून बघा, विश्वास नाही बसायचा तिचा.

मुसलमान घरांत परवीन हे नाव फारच आवडतं. एकटं तर असतंच, पण दुसऱ्या नावाला जोडूनही येतं : शाहीन परवीन, नसीम परवीन, रुखसाना परवीन. जसं आपण सखूबाई, गंगूबाई म्हणतो, तसं काहीसं. त्यात सिनेमाचाही हातभार असणारच. ‘दीवार’ (१९७५) मधल्या परवीन बाबी तुमच्या आई-बाबांना, निदान आजी-आजोबांना नक्की आठवतील. गाण्यात नाव काढलं ते आसाममध्ये जन्मलेल्या परवीन सुलताना यांनी. त्यांना २०१४ साली पद्मभूषण मिळालं. मला स्वतःला सगळ्यांत आवडतात त्या इराणच्या परवीन एतेसामी. त्यांचा जन्म १९०७ चा, तबरीझ शहरातला. मुलींनी शिकणं फारसं नवलाचं होतं त्या काळात त्या शिकल्या, कविता लिहू लागल्या, आणि १९४१ साली ऐन तारुण्यात विषमज्वराने गेल्या. वस्तूंना बोलायला लावण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्या एका कवितेत चक्क लसूण कांद्याला म्हणतो की तुझा वास किती घाण! कांदा त्याला काय उत्तर देत असेल, तुम्हीच विचार करा.

लसणासारखं नावे ठेवणारं कुणी ना कुणी प्रत्येक वर्गात असतंच. आमच्या शाळेत चौथीच्या मुलांना मी एकदा आपापल्या नावाचा अर्थ विचारून यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी सगळे भराभरा उठून सांगू लागले. परवीनची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि खालमानेने म्हणाली, “बाई, माझ्या नावाला अर्थच नाही. अम्मीलाबी माहीत नाही.” मागून एक पोरगा ओरडला, “अर्थ कसा नाही? प्रवीण हाय ते, पोराचं नाव हाय!” सगळा वर्ग हसला. परवीनचे डोळे भरून आले. मी फळ्यावर मृग काढला, रोहिणी काढली, सहा टिंबं दिली आणि रात्री सगळ्यांनी बघून यायला सांगितलं. सकाळी तोच पोरगा शाळेच्या फाटकात परवीनला सांगत होता, “मला सात दिसले.” ती म्हणाली, “सहाच हायत. नीट मोज.”

त्या मुलाचा गोंधळ मात्र अगदीच उगाच नव्हता. प्रवीण हा संस्कृत शब्द आहे. वीणा वाजवण्यात निपुण असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, पुढे कुठल्याही कामात निपुण तो प्रवीण. परवीनशी त्याचं काहीच नातं नाही. पण उर्दूत लिहिताना ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत, त्यामुळे परवीन आणि प्रवीण एकाच तऱ्हेने लिहिले जातात. इंग्रजीतही दोन अक्षरांची अदलाबदल झाली की एकाचं दुसरं होतं. हरियाणा-पंजाबकडे तर प्रवीण नावाच्या मुलग्यांना परवीनच म्हणतात. लिहिणारा घाईत असला की झालं!

म्हणूनच शेवटचे चार शब्द पालकांसाठी. माझ्या परवीनचं नाव शाळेच्या रजिस्टरात ‘प्रवीण’ असंच आलं होतं, जन्माच्या दाखल्यावर मात्र बरोबर होतं. चौथीतच लक्षात आलं म्हणून निभावलं. मूल शाळेत असताना मुख्याध्यापकांकडे अर्ज आणि पुरावा द्यावा लागतो, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, थोडे हेलपाटे होतात, पण नाव दुरुस्त होतं. शाळा सुटल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसतं, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर एक नाव, आधार कार्डावर दुसरं अशी मुलीची ओढाताण होते. तेव्हा पहिलीत नाव घालताना जन्माचा दाखला सोबत न्या, आणि गुरुजी-बाईंनी रजिस्टरात काय लिहिलंय ते तिथेच उभं राहून वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्या पोरीकडून वाचून घ्या.