ठिणगीची निवड

आमच्या वरच्या वर्गांतील मुलांत मोटारींची चर्चा निघाली कीं, "गाडींत सर्वांत महाग व सर्वांत थंड स्पार्क प्लग घातला म्हणजे इंजिन निर्धास्त झालें," असें कोणी ना कोणी म्हणतोच. हा समज कितपत खरा आहे, तें आपण पाहूं.

इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पेटविणें हें प्लगचें काम. टर्बोचार्जर हा जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरतो व इंजिनांत अधिक हवा कोंबतो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळविलें. हवा अधिक म्हणून पेट्रोल अधिक, आणि त्यामुळें शक्ति व उष्णता हींहि अधिक.

पुण्याजवळील चाकण येथें तयार झालेली फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय ही गाडी घ्या. २०१३ सालीं ती बाजारांत आली तेव्हां तिचें १.२ लिटरचें टर्बो इंजिन १०५ अश्वशक्तीचें होतें. कित्येक हौशी मालक तिच्या संगणकांतील आज्ञा बदलून हवेचा दाब वाढवितात. गाडी जोरानें पळूं लागते. परंतु प्लग जुन्याच उष्णतेच्या मानानें निवडलेले असतात.

प्लगचें टोक सुमारें ५०० ते ८०० अंश सेंटिग्रेड तापलेलें असावें. तें याहून थंड राहिलें तर त्यावर काजळी धरते व ठिणगी चुकूं लागते. उलट तें फाजील तापलें तर निखाऱ्यासारखें होऊन ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटवितें. त्या वेळीं पिस्टन वर येत असतो. अशा अकालीं ज्वाळेनें ॲल्युमिनियमच्या पिस्टनास थोड्याच वेळांत भोंक पडूं शकतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. "थंड" प्लगची ठिणगी थंड नसते. त्याच्या टोंकाभोंवतींचें चिनी मातीचें आवरण आंखूड असल्यानें तो उष्णता लवकर बाहेर टाकतो, इतकेंच. शक्ति ७५ ते १०० अश्वशक्तीनें वाढली तर एक पायरी थंड प्लग घ्यावा, असा ठोकळ नियम आहे. तेव्हां पोलोची शक्ति पंचवीस-तीसनें वाढली, तर तेवढ्यावरून पायरी बदलण्याचें कारण दिसत नाहीं. मोठा टर्बो बसविला, किंवा गाडी शर्यतीच्या मार्गावर सतत पूर्ण जोरानें धांवणार असली, तर गोष्ट निराळी. एनजीकेच्या प्लगवर आंकडा जितका मोठा तितका तो थंड. बॉशच्या प्लगवर याच्या उलट. ही खूण न पाहतां प्लग घेणारा फसतो.

दुसरी गोष्ट फटीची. दाबलेल्या हवेंतून ठिणगी उडविण्यास विजेचा दाब अधिक लागतो. म्हणून हवेचा दाब वाढविल्यावर जोर देतांना इंजिन अडखळूं लागलें, तर फट कमी करतात, १.१ मिलिमीटरची ०.८ किंवा ०.७ पर्यंत. मात्र ती फारच लहान केल्यास ज्वाळेस नीट जोर येत नाहीं.

तिसरी गोष्ट धातूची. निकेल १४५५ अंशांवर, प्लॅटिनम १७६८ अंशांवर व इरिडियम सुमारें २४४६ अंशांवर वितळतो. म्हणून इरिडियमचा प्लग पुष्कळ दिवस टिकतो व महाग असतो. पण महाग म्हणजे थंड नव्हे. शिवाय आट्यांची लांबी मूळच्या प्लगइतकीच असावी, नाहीं तर पिस्टन प्लगवर आदळेल.

कांहींशें किलोमीटरनंतर प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी असल्यास निवड बरोबर. काळी भुकटी दिसल्यास प्लग फार थंड, किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर. पांढरे फोड व धातूचे चकाकणारे कण दिसल्यास गाडी तत्काळ थांबवावी.

बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानांतील दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. शक्ति वाढविण्याची हौस वाईट नाहीं. पण तिच्याबरोबर येणाऱ्या उष्णतेचा हिशेब आधीं बसून करावा. बोटाएवढा प्लग तो हिशेब बिनचूक सांगतो; वाचणारा मात्र सावध हवा.